महाले भाऊसाहेबांचं चेक-आउट

जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या जीपवाल्यांना दोघांचीच धास्ती होती. एक आरटीओची आणि दुसरी महाले भाऊसाहेबांची. त्यातला आरटीओ वर्षातून कधीतरी उगवायचा. भाऊसाहेब रोज सकाळी यायचे.

जीपमध्ये नऊ माणसं बसवायची असा नियम होता. भाऊसाहेब दाराशी उभे राहून आतली डोकी मोजायचे आणि एक जरी डोकं जास्त निघालं तरी चढायचे नाहीत. "सरकारी नोकर आहे मी. नियमबाह्य वाहनातून कार्यालयात कसा जाऊ?" असं म्हणून छत्री टेकून उभे. तहसीलच्या अव्वल कारकुनाला रस्त्यावर सोडून जाण्याची हिंमत कुणात नव्हती, म्हणून जीपवाल्यांनी तोड काढली. जादा माणसांना आधीच पुढच्या वळणापर्यंत चालत पाठवायचं. भाऊसाहेब ऐसपैस बसायचे, जीप निघायची, वळणावर थांबायची आणि बाकीचं गाव आत घुसायचं, टपावर चढायचं, मागे लोंबकळायचं. हे सगळं होईपर्यंत भाऊसाहेब खिडकीबाहेर डोंगर पाहत बसायचे. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "मी बसलो तेव्हा जीप नियमात होती. पुढचं मी पाहिलेलं नाही." हे सांगताना त्यांच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती.

मी नव्यानेच मोखाड्याच्या तहसील कचेरीत लागलो होतो आणि भाऊसाहेब माझ्या समोरच्या टेबलावर बसायचे. लक्ष्मण सोन्या महाले. मूळचे जामसरचे, पण राहायला जव्हारला. बुटके, काळेसावळे, पांढरा बुशशर्ट, आणि खिशाला शाईचा डाग पडू नये म्हणून पेनाच्या टोपणाखाली कागदाची घडी. कचेरीत ते पुस्तकी मराठी बोलायचे, अगदी शिपायाशीसुद्धा. "चहा आणण्यात यावा" असं म्हणायचे. घरची बोली त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती.

त्यांची सही हा बघण्याचा प्रकार होता. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण, सावकाश, खाली दोन रेघा. एका सहीला इतका वेळ लागायचा की लोक खुर्ची ओढून बसायचे. साहेब वैतागून म्हणाले, "महाले, आद्याक्षरं टाका की!" तेव्हा भाऊसाहेब पहिल्यांदा आणि शेवटचं साहेबांना उलटून बोलले. "साहेब, माझ्या बापाचा अंगठा ज्याला पाहिजे त्यानं वापरला. आमच्या घरातली ही पहिली सही आहे. मी ती पुरती करणार." पुढे भाऊसाहेबांचं एक वाक्य कचेरीत म्हणीसारखं झालं होतं: "सही केली म्हणजे बोललो, आणि बोललो म्हणजे झालं."

एवढ्या सावध माणसाने हॉलिडे अपार्टमेंटमध्ये पैसे घातले कसे, असं मला अजून विचारतात. सावध होते म्हणूनच घातले.

वावरकडची मुलं कुपोषणाने दगावली, पेपरात आलं, आणि त्यानंतर आमच्या दोन्ही तालुक्यांत समित्यांचा पूर लोटला. ठाण्याच्या, मुंबईच्या, दिल्लीच्या. डॉक्टर, पत्रकार, कॅमेरेवाले. मुलं जिवंत होती तेव्हा यातलं कुणी फिरकलं नव्हतं, हा राग मला तेव्हाही होता आणि आताही आहे. त्या सगळ्यांची राहण्याची सोय करण्याचं काम भाऊसाहेबांकडे होतं. विश्रामगृह भरलेलं, दोन्ही लॉज भरलेले. एका समितीला त्यांनी शाळेत झोपवलं, एकीला गोदामात. एका उपसचिवांना तर स्वतःच्या घरी नेऊन वहिनींच्या हातची नागलीची भाकरी खाऊ घातली. उपसचिवांनी ती आवडीने खाल्ली आणि अहवालात 'स्थानिक आहार निकृष्ट' असं लिहिलं.

नेमका तेव्हाच तो टायवाला आला. भर मे महिन्यात गळ्यात टाय, हातात चकचकीत पुस्तिका. जव्हारात एक खोली मिळेना म्हणून बिचारा एसटी स्टँडवर झोपला आणि सकाळी उठून त्याने मुंबईला फोन केला की इथे पर्यटनाला तुफान मागणी आहे. त्याच्या कंपनीने सनसेट पॉइंटच्या अलीकडे जागा घेतली आणि 'सांजवारा हॉलिडे अपार्टमेंट्स'चा फलक लावला. योजना अशी: फ्लॅट तुमच्या नावावर, पण सांभाळणार कंपनी. पाहुणे कंपनी आणणार, चादरी कंपनी बदलणार, दर तिमाहीला तुम्हाला चेक. वर मालकाला वर्षाचे पंधरा दिवस फुकट मुक्काम. पुस्तिकेत एक गोरं जोडपं पोहण्याच्या तलावात उभं होतं आणि मागे पांढरा घोडा होता. जव्हारात गाढवही नव्हतं.

आम्ही हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत. "जव्हारात माणसं येतात आणि त्यांना राहायला जागा नाही, हे मी स्वतः पाहिलंय," ते म्हणाले. "पुस्तिकेवर विश्वास ठेवू नका. माझ्या नोंदींवर ठेवा."

करारनामा इंग्रजीत होता. भाऊसाहेबांनी शब्दकोश घेऊन तो आठवडाभर वाचला, ओळ न ओळ. मला वाटलं, आता नक्की नाद सोडतील. कारण त्यात लिहिलं होतं की मालक म्हणून पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहता येणार नाही, आत स्वयंपाक करता येणार नाही, खिळा ठोकता येणार नाही, किल्ली कंपनीकडे राहील. भाऊसाहेबांचे डोळे चमकत होते. "पाहिलंत? मालकालासुद्धा नियम! याला म्हणतात शिस्त." आणि प्रत्येक पानावर पूर्ण सही ठोकून त्यांनी फंडातली सगळी शिल्लक कंपनीला दिली. टायवाल्याची शेवटची एसटी त्या सह्यांपायी चुकली.

हे सगळं ज्यांना सांगायला हवं होतं त्या वहिनींना मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, "घर घेतलंय."

वहिनी लग्न होऊन जव्हारला आल्या तेव्हापासून कासमभाईंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होत्या. कासमभाई सुतार. गावातल्या निम्म्या दारांना त्यांचा हात लागलेला. माणूस सज्जन, भाडं कधी मागायचा नाही. पण घर शेवटी दुसऱ्याचं. वहिनींच्या आईचं दगडी उखळ कासमभाईंच्या अंगणात वर्षानुवर्षं पालथं पडलेलं असायचं. वहिनींच्या लोकांत उखळ घराच्या जमिनीत पुरतात, आणि एकदा पुरलं की ते घर सोडून जायचं नसतं. भाड्याच्या घरात म्हणून पुरता येत नाही. मी कधी गेलो की वहिनी त्या पालथ्या उखळावर मला बसायला लावायच्या आणि म्हणायच्या, "बसा, आजून बसायच्याच कामाचा हाय तो. आपला दार झाला की मंग कांडायचा."

घर घेतलं हे ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा उखळ सुलटं करून धुतलं. मग भाऊसाहेबांनी कलमं समजावून सांगितली. त्यांनी ते परत पालथं घातलं.

कासमभाई एवढंच म्हणाले, "भाऊसाब, घर तुमचा आन् चाबी कंपनीची? हमारे धंदे में तो जिसकी चाबी उसका दरवाजा."

पहिल्या वर्षीचे पंधरा दिवस कंपनीने जुलैत दिले. भाऊसाहेबांनी रीतसर रजेचा अर्ज टाकला. कारण: 'सहकुटुंब पर्यटन'. ठिकाण: 'जव्हार'. साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला, पण त्यात नियमाविरुद्ध काही सापडेना, म्हणून मंजूर केला.

निघण्याचा समारंभ मी पाहिला आहे. कासमभाईंचं घर ते सांजवारा हे अंतर चालत दहा मिनिटांचं. तरी ट्रंक भरली होती, पिशव्या भरल्या होत्या. कासमभाईंचं सगळं कुटुंब ओट्यावर निरोपाला उभं. कासमभाईंच्या बायकोने वाटेत खायला खिचडा बांधून दिला. "पोचलात की कळवा," कासमभाई म्हणाले आणि तोंडावर रुमाल धरून आत पळाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. वहिनी भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन, स्वतःच्याच गावातून मान खाली घालून पर्यटनाला निघाल्या.

तिथे टोपीवाल्या पोऱ्याने "वेलकम सर" म्हणून ट्रंक उचलली. चूल नव्हती. केरसुणी नव्हती. दुसऱ्या दिवशी वहिनींनी सवयीने पदराने फरशी पुसली, तर पोऱ्याने वर तक्रार केली की बाई स्टाफचं काम करतात. गादी इतकी मऊ की दोघेही खाली झोपले. तिसऱ्या रात्री छत गळायला लागलं. बादली हाताशी होती, पण भाऊसाहेबांनी ती सरकवली नाही. गळतीची दखल घेणं हे कंपनीचं कर्तव्य होतं. त्यांनी रिसेप्शनला फोन लावला. रिसेप्शन म्हणजे तोच पोऱ्या, आणि तो त्यांच्याच दाराबाहेर झोपला होता. त्याने रिसेप्शनवरची घंटा ऐकली, उठून फोनपर्यंत गेला, तक्रार ऐकून घेतली आणि परत येऊन दार वाजवलं. तोवर ट्रंक तरंगायची बाकी होती.

मी भेटायला गेलो तर वहिनी खिडकीत हात जोडल्यासारख्या बसल्या होत्या. "काय वहिनी, कसं आहे घर?" म्हटलं. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात बसल्यासारका वाटतो. कवा सोडतील?"

सुरुवातीला दोन-तीन चेक आले. भाऊसाहेबांनी ते कचेरीत फिरवले. मग पेपरवाल्यांना आमच्या मुलांचा कंटाळा आला. समित्या थांबल्या. भूक होती तिथेच होती, पण तिला पाहायला येणारे आटले, आणि सांजवाराच्या खोल्यांत पाली राहायला लागल्या. चेकच्या ऐवजी कंपनीची बिलं यायला लागली. कधीच न बसलेल्या लिफ्टच्या देखभालीचं, बेडकांनी भरलेल्या तलावाच्या सफाईचं. एका बिलात 'घोड्याचा चारा' असं कलम होतं. भाऊसाहेबांनी कंपनीला पत्र लिहिलं: 'सदर घोडा समक्ष पाहण्यास मिळावा.' उत्तर आलं की घोडा तूर्तास लोणावळा शाखेत आहे.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, सरळ फसवतायत तुम्हाला."

"नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "प्रतिनियुक्तीवर गेला आहे. आपल्याकडचे किती कर्मचारी असे आहेत! आणि प्रतिनियुक्तीवरच्या माणसाचा पगार मूळ कचेरीच काढते कधीकधी." आणि चाऱ्याचे पैसे भरले. त्या दिवशी मला हसायला आलं नाही. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

पुढे माझी बदली झाली, ठाण्याला. जव्हारच्या बातम्या येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत राहिल्या. भाऊसाहेब निवृत्त झाले. कंपनीचा मुंबईचा फोन लागेनासा झाला, टायवाला गायब झाला, पोऱ्या टोपी ठेवून नाशिकला द्राक्षांच्या कामाला गेला. जाताना कुणीतरी दारांची कुलपंही काढून नेली. त्यातच कासमभाईंच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मागच्या दोन खोल्या लागणार, हे सांगायला कासमभाई आले. सांगता सांगता रडले, असं म्हणतात. भाऊसाहेबांपुढे पेच पडला. हक्काचं घर दहा मिनिटांवर रिकामं, मालक समोर हजर, अडवायला कुणी नाही. आणि सही केलेली.

अखेर करारातलंच एक कलम त्यांच्या मदतीला आलं. पंधरा दिवसांनंतर मालकाला तिथे साधा पाहुणा म्हणून राहता येत होतं, पाहुण्यांचे सर्व नियम पाळून. ते राहायला गेले.

कचेरीच्या एका जुन्या कामासाठी मला मोखाड्याला जावं लागलं तेव्हा परतताना जव्हारला उतरलो. सांजवाराच्या फलकातलं निम्मं नाव गेलं होतं. वरच्या मजल्यांच्या खिडक्या गेल्या होत्या. तळमजल्यावर एकाच दारासमोर सारवलेलं होतं, दोरीवर लुगडं वाळत होतं. मी हाक मारणार, तेवढ्यात दार उघडलं आणि भाऊसाहेब बाहेर आले. केस पांढरे झालेले, बाकी तसेच. खिशाला पेन, टोपणाखाली घडी, हातात कपड्यांची पिशवी.

"या, या! बरोबर वेळेवर आलात," ते म्हणाले. "बारा वाजले. चेक-आउट."

मला समजेना. त्यांनी समजावलं. पाहुण्याने बाराला खोली सोडायची आणि नवीन पाहुण्याला दोनला खोली मिळायची, असा नियम. म्हणून ते दोघे रोज बाराला सामान घेऊन बाहेर पडत, सकाळी बाहेरच्या चुलीवर रांधलेला डबा समोरच्या आंब्याखाली खात, आणि दोनला नवे पाहुणे म्हणून आत जात. पावसाळ्यात छत्री धरून.

"पण भाऊसाहेब, कंपनीच नाही आता!"

"कंपनी नाही. सही आहे ना?" मग दाराकडे वळून त्यांनी आवाज दिला, "अहो, चला. बारा झाले."

आतून लाकडावर लाकूड सरकल्याचा आवाज आला.

भाऊसाहेबांनी दार ढकललं. दार हललं नाही. "हे काय? या दाराला आतून कडी नाही," ते मला म्हणाले, जणू दारच चुकत होतं.

"काल बसवली," आतून वहिनींचा आवाज आला. "तुमी हयातीचा दाखला काडायला गेलतं तवा. कासमभाईन बसवली. सागाची हाय. वर लुगडा टांगला व्हता, तुमाला दिसली नाय."

"कुणाच्या परवानगीनं? कलम आहे. आत काहीही बदल करता येणार नाही."

"उखळबी बसवला. लादी फोडून. वरतं गोधडी हातरली व्हती."

भाऊसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. कंपनीची फरशी फोडली होती. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसणार. ते खरंच आंब्याखाली जाऊन बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

"तुमचा झाला ना चेक-औट?" वहिनी आतून म्हणाल्या. "मंग बसा भायेर. मी नाय कुठं सही केली."

एवढ्या वर्षांत हा मुद्दा कुणाच्याच लक्षात आला नव्हता. टायवाल्याच्या नाही, माझ्या नाही, आठवडाभर शब्दकोश घेऊन बसलेल्या भाऊसाहेबांच्याही नाही. त्यांनी बोटांवर कलमं मोजून पाहिली. "बरोबर आहे," शेवटी हळूच म्हणाले. "तिची सही नाही. तिला कलम लागू होत नाही."

मग आतून कांडण्याचा आवाज सुरू झाला. धप्, धप्, एका लयीत, सगळ्या रिकाम्या इमारतीतून घुमत. आईचं उखळ. भाऊसाहेब ऐकत होते. त्या दिवशी डबा घेऊन कुणी बाहेर आलं नव्हतं. थोड्या वेळाने तव्यावरच्या भाकरीचा वास आला. करारानुसार आत स्वयंपाकालाही बंदी होती.

माझी जीप सुटायची वेळ झाली म्हणून मी उठलो. ते मला सोडायला रस्त्यापर्यंत आले नाहीत, एरवी आल्याशिवाय राहायचे नाहीत. जरा पुढे जाऊन मी वळून पाहिलं. भाऊसाहेब उठले होते. त्यांनी बुशशर्टाच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या, दारापाशी गेले आणि दारावर थाप मारली. कांडण थांबलं.

"कोन?"

"मी."

"मी कोन?"

त्यांनी सही करताना घ्यायचे तेवढाच वेळ घेतला. "लक्ष्मण सोन्या महाले."

"राहायला आलं का?"

"हो."

"किती दिस राहनार?"

मला वाटलं, आता म्हणतील, उद्या दुपारी बारापर्यंत. त्यांनी पिशवी खाली ठेवली, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून घरची बोली ऐकली.

"तू सांगशील तवर."

सागाची कडी सरकली. दोन वाजायला अजून बराच अवकाश होता.